तिसऱ्या हाकेनंतरची शिंक

माझे सासरे दातांचे डॉक्टर, पण यंदा त्यांनी दातांपेक्षा चोचीच जास्त पाहिल्या. एका वर्षात आपल्या भागात सर्वाधिक जातींचे पक्षी नोंदवायचा विक्रम त्यांना मोडायचा होता. तो त्यांना पक्षी ओळखायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या नावावर होता. मास्तर वारले, विक्रम मात्र धडधाकट राहिला. वर्षाच्या शेवटच्या दुपारी दोघांची बरोबरी होती. आणखी एकच जात हवी होती.

पक्षी नुसता ऐकला तरी नोंदीत धरतात, पण साक्षीदार लागतो. मला कावळा आणि किटली यांतला फरक कळतो, म्हणून मी.

सांडपाण्याच्या प्लांटमागे तळं, काठाला पुरुषभर उंच पाणकणसाचं रान, वर धुकं. कुठेतरी एक पंप कण्हत होता. सासऱ्यांनी मोबाइलवर फटाकडी या पाणपक्ष्याचा आवाज लावला. हा पक्षी महालाजाळू. दिसत नाही, पण आपल्यासारखा आवाज ऐकला की ओ देतो. रेकॉर्डिंग मास्तरांचंच, फार जुनं. तीन हाका, मग कुणीतरी शिंकतं. जुनी स्कूटर सुरू होता होता बंद पडावी तशी शिंक. तिथे सासरे नेहमी थांबवतात. मास्तरांच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी मास्तर स्वतः बोलतात, काय ऐकलं, हजर माणसं किती. तो आवाज सासऱ्यांना सोसत नाही.

"शिंकतंय कोण, बाबा?"

"देव जाणे. मास्तर एकटेच हिंडायचे."

पाणकणसातून हाक आली. सासऱ्यांनी माझं मनगट दाढ पकडल्यासारखं पकडलं.

"जावईबापू, ऐकलंत?"

"ऐकलं."

दुसरी हाक. तिसरी. आणि मला शिंक आली.

जुन्या स्कूटरची.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. "पुन्हा शिंका."

"ऑर्डरप्रमाणे नाही येत, बाबा."

त्यांनी रेकॉर्डिंग कानाशी धरून पुन्हा ऐकलं. माझीच शिंक. मागे तोच पंप कण्हत होता.

"ही फटाकडी मोजता येणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"का?"

"मास्तरांनी मोजलीय. त्यांच्या वर्षातली आहे ही." घाबरले नव्हते, नुसते वैतागले होते. मोबाइल माझ्या हातात कोंबत म्हणाले, "तुम्ही गाडीत बसा. माझी दुर्बिणीची तिवई राहिली पाणकणसात."

मी गाडीत बसलो, दार लावलं आणि पहिल्यांदाच ते रेकॉर्डिंग पुढे जाऊ दिलं.

शिंक. मग सासरे: "पुन्हा शिंका." मग मी: "ऑर्डरप्रमाणे नाही येत, बाबा." अख्खं संभाषण, शब्दन् शब्द. मग गाडीचं दार लागलं. एकच. मग पाणकणसाची सळसळ, आणि सासऱ्यांचा आवाज, सिनेमाला उशिरा पोचलेल्या माणसासारखा:

"मास्तर, सरका जरा."

थोडा वेळ फक्त पंप. नंतर एक म्हातारा, शांत आवाज, वर्गात हजेरी घ्यावी तसा:

"फटाकडी, एक. हजर माणसं, दोन."

मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. पाणकणसाचं एक पातंही हललं नाही.

माझा फोन वाजला. बायको.

"काय रे, मोडला का बाबांनी विक्रम?"

मी काचेतून धुक्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "दोघं बरोबरीतच आहेत."