इसी आणि इसित

“सँतोबँ,” वसुधा तिसऱ्यांदा म्हणाली, शेवटचा उच्चार अगदी नाकात नेऊन. गॅस स्टेशनवरच्या माणसाने टोपी मागे सारली आणि मदतीच्या आशेने राजारामकडे पाहिलं. राजारामने नकाशावर बोट ठेवलं.

“ओ! सेंट ऑबिन!” माणूस म्हणाला. “सिग्नलला डावीकडे.”

गाडी सुरू करताना राजाराम हसू दाबत म्हणाला, “वसू, तू तर लोकल माणसालाच गावाचं नाव शिकवून राहिली होतीस.”

“शिकवत होतीस,” वसुधा म्हणाली.

“शिकवत होतीस,” राजारामने मुकाट्याने दुरुस्ती मान्य केली.

ती पुण्याची, तो नागपूरचा. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिने त्याची भाषा घासूनपुसून लख्ख केली होती. बहिणीचा नागपूरहून फोन आला की मात्र तो पुन्हा सैल सुटायचा, अगदी खदखदून हसायचा. आपल्याशी बोलताना हा असा का हसत नाही, हे विचारावंसं वसुधाला कधी वाटलं नव्हतं.

सेंट लुइसमधल्या एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये वसुधा फायली लावायची. पण पुण्यात असताना ती सहा वर्षं फ्रेंच शिकली होती, परीक्षेत पहिली आली होती. पॅरिसला जायची शिष्यवृत्ती आणि अमेरिकेतल्या राजारामचं स्थळ एकाच महिन्यात चालून आलं. दोन्हींपैकी काय ठेवायचं ते वडिलांनी ठरवलं. ती आठ दिवस रडली आणि मग मिझुरीला यायची बॅग भरायला बसली. त्यानंतर तिचं फ्रेंच भांडी घासताना स्वतःशी पुटपुटण्यापुरतं उरलं.

आणि परवा पेपरात तिने वाचलं: घरापासून दीड तासावर, मिसिसिपीच्या काठी, अडीचशे वर्षांपूर्वी फ्रेंचांनी वसवलेलं गाव आहे. तिथे अजून वाइन करतात, आणि एखाददुसरं म्हातारं माणूस अजून ती भाषा बोलतं. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. आपलं फ्रेंच एकदा तरी जिवंत माणसाशी चालतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

गाव तिने डोळ्यांनी खाऊन टाकलं. भिंतींचे ओंडके आडवे न रचता उभे रोवलेले होते, ते तिने हाताने चाचपून पाहिले. घरांना चहूबाजूंनी आपल्याकडच्या ओसरीसारखे व्हरांडे होते. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच होत्या, माणसं मात्र इंग्लिश बोलत होती. बेकरीत, पोस्टात, चर्चच्या दारात तिने “बाँझूर” म्हणून पाहिलं. सगळीकडून “हाय देअर!” एवढंच परत आलं.

“डिसअपॉइंट होऊ नकोस,” राजाराम म्हणाला. “वाइन तर ट्राय करू.”

गावाच्या टोकाला एक जुनं तळघर होतं. मालकाने दोन ग्लासांत काळपट लाल वाइन ओतली. राजारामने घोट घेऊन मराठीत निकाल दिला, “आमसुलाचं सार चार दिवस तसंच राहिलं की अस्संच लागतं.” वसुधाने ग्लासला हातही न लावता मालकाला विचारलं, इथे फ्रेंच कोणी बोलतं का?

“माझी आई,” तो म्हणाला. “मावशी गेल्यापासून तिच्याशी बोलणारं कोणी नाही. मी शिकलोच नाही. मागे बसलीय, जा.”

मागच्या अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवरच्या परातीतल्या द्राक्षांतली पानं वेचत होती.

“बाँझूर, मादाम.”

म्हातारीचे हात थांबले. तिने परात खाली ठेवली, आणि मग धरणाचं दार उघडावं तशी बोलायला लागली. उच्चार राकट होते, निम्मे शब्द गिळलेले; पण उरलेले निम्मे वसुधाला समजत होते! कुठची तू? इंडियाची? आणि आमचं बोलतेस? म्हातारीने शेजारची जागा थोपटली. “इसित,” ती म्हणाली. बस, इथे. रोज संध्याकाळी मी आणि माझी बहीण बसायचो, इसित. ती गेली तीही इसित, याच बाकावर, बोलता बोलता.

वसुधा हुरळून तिच्या शेजारी बसली. एकवीस वर्षांचा गंज भराभर उतरत होता. आपल्याकडे कोणी ‘हितं’ म्हटलं की तिच्या तोंडून ‘इथं’ निघायचंच, तसंच आत्ताही झालं.

“इसी, मादाम,” ती हसून म्हणाली. “इसित नव्हे. इसी.”

म्हातारी थांबली. रागावली नाही. तिने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. “इसी,” ती हळूच म्हणाली. मग परात पुन्हा मांडीवर घेतली आणि इंग्लिशमध्ये बोलू लागली.

“तू रीतसर शिकलीयस. आमचं नुसतं घरातलं बोलणं. आम्ही ते लिहिलेलं कधी पाहिलंच नाही.”

राजाराम दारात येऊन उभा होता. त्याला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घडलं ते सगळं कळलं होतं. तशी मान त्याने स्वतः एकवीस वर्षं हलवली होती. वसुधाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने नजर दुसरीकडे वळवली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने बहिणीचं नाव विचारलं, फ्रेंचमध्ये. म्हातारीने इंग्लिशमध्ये सांगितलं. यंदा द्राक्षं कशी आली? छान आली, इंग्लिशमध्ये. तुम्हाला घरी जायला किती वेळ लागेल? अंधाराच्या आत पोचाल ना? आता म्हातारीच फार मायेने विचारत होती.

शेवटी वसुधाने बाकावरच्या आपल्या शेजारच्या जागेवर हात ठेवला.

“तुमची बहीण,” तिने फ्रेंचमध्ये विचारलं, “बसायची ती... इसित?” शेवटचा ‘त’ तिने म्हातारीसारखाच ठासून म्हटला.

म्हातारीने द्राक्षांनी चिकट झालेला हात तिच्या हातावर ठेवला.

“नाही गं बाळा,” ती इंग्लिशमध्ये म्हणाली, “तू आधी म्हणालीस तेच बरोबर. इसी.”

आणि ती पुन्हा पानं वेचू लागली.