वन्संची सुट्टी

काच कापायची हिऱ्याची कलम फ्रेमवालीने तिसऱ्यांदा हातात घेतली आणि तिसऱ्यांदा खाली ठेवली. हात थरथरत नव्हता, नजरही ठीक होती. पण सकाळपासून डाव्या कानात कुणीतरी ओला कापूस ठासत होतं, आणि त्या कापसापलीकडे एक यंत्र सुरू झालं होतं, घुं घुं घुं. ती उठली, दुकानाच्या दारापर्यंत गेली, परत येऊन स्टुलावर बसली, पुन्हा उठली. सहा वर्षं या दुखण्याशी संसार करून त्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ झाल्या होत्या. आधी कान भरायचा, मग आवाज, मग जमीन हलायची.

पण आज असं व्हायला काही कारणच नव्हतं. वन्सं आल्याच नव्हत्या.

वन्सं म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. दीड वर्षापूर्वी तिची बदली शहराबाहेरच्या पाण्याच्या पंपघरात झाली होती. तिथे चोवीस दिवस सलग काम आणि मग चार दिवस सुट्टी. सुट्टी लागली की बाई पिशवी उचलून थेट भावाकडे. दिवसभर पंपांच्या घरघराटात बोलून बोलून तिचा आवाज असा चढला होता, की ती दारात "वहिनी, आले गं!" म्हणाली की वरच्या मजल्यावरचे लोक "या!" म्हणत. हसणं तर असं, की फडताळातली भांडी तिला साथ द्यायची.

आणि ती आली की फ्रेमवालीला चक्कर यायची. कधी पहिल्या दिवशी, कधी चौथ्या. दर वेळी नाही, पण दहातल्या आठ वेळा. एरवी महिनाभर कान कुरकुरला तरी माणूस उभं राहायचं. वन्सं आल्या, की फ्रेमवाली अंथरुणात भिंतीला धरून, उशाशी बादली.

"हा कान नाही, त्यांचा आवाज आहे," एकदा ती नवऱ्याला म्हणाली होती. "मोठा आवाज मला सोसत नाही, हे तर डॉक्टरही म्हणतात."

नवरा पोस्टात टपाल वर्गवारीला होता. भांडणाचा वास आला तरी तो चपला शोधायला लागायचा. तरी बायको एवढी पिवळी पडलेली पाहून त्याने बहिणीला फोन केला आणि जे सांगायचं ते गुळात घोळून सांगितलं.

पुढच्या सुट्टीत वन्सं आल्या त्या कुजबुजत. दारात "वहिनी, आले" असं म्हणाल्या, तर ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पाच मिनिटं तशाच उभ्या. जेवताना पाणी हवं तर बोटाने दाखवत. भावाने काही विनोद केला की तोंडावर पदर दाबून आतल्या आत गदगदत. दोन दिवस घर कसं आजाऱ्याच्या खोलीसारखं गुपचूप चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रेमवाली मोरीत कोसळली. शुद्धीवर नीट येऊन बघते, तर वन्संची पिशवी जागेवर नव्हती. सुट्टीचा दीड दिवस शिल्लक होता.

त्यानंतरच्या सुट्टीत त्या आल्याच नाहीत. "पंपाचं काम निघालंय," एवढाच निरोप. ते चार दिवस फ्रेमवालीने श्वास धरून काढले, आणि काहीसुद्धा झालं नाही. कान शांत, डोकं शांत.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली होती. आणखी काही म्हणायची गरजच नव्हती. पुरावा आणि काय वेगळा असतो?

त्याला आज अकरा दिवस झाले होते. वन्सं तिकडे तीन तासांवर आपल्या पंपांपाशी होत्या. गल्ली दुपारची सुस्त पडलेली. आवाज म्हणाल तर भिंतीवरच्या घड्याळाचा.

दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका शाळेचा जुना समूहफोटो घेऊन आल्या. "पट्टी साधी असू दे," त्या म्हणाल्या, "माणसंच पुष्कळ आहेत." फ्रेमवाली हसायला गेली, आणि फोटोतल्या चार ओळी मुली एका बाजूला घसरल्या. मग टेबल घसरलं. मग मुख्याध्यापिका. तिने डोळे मिटले तर आतला अंधारही फिरत होता. तिने दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरला आणि फरशीवर बसली.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही. तुम्ही काचेला हात लावू नका."

बाई शहाण्या होत्या. त्यांनी काचेला हात लावला नाही, हिलाही लावला नाही. दाराशी खुर्ची ओढून बसल्या आणि आलेल्या गिऱ्हाइकाला "दुकान बंद आहे" असं शाळेच्या आवाजात सांगत राहिल्या. दोन तासांनी नवरा येऊन तिला रिक्षाने घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली. चांगली अकरा दिवस उशिरा.

तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत ती दुकानात आली आणि सवयीने पहिली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. चक्कर आली की तिथे ती लाल पेन्सिलीने फुली मारायची. पाळीचं बारीक टिंब ती तारखेच्या कोपऱ्यात द्यायची, मुलगी असल्यापासूनची सवय. आणि वन्संची सुट्टी नवऱ्याने निळ्या शाईने आखून ठेवलेली असायची. तिने परवाची फुली मारली, कालचं टिंब दिलं, आणि पेन्सिल हातातच राहिली. एक पान मागे गेली. आणखी एक. मग गेल्या वर्षाचं कॅलेंडर माउंटच्या कागदांखालून उपसून काढलं. निळी रेघ, फुली, टिंब. निळी रेघ, फुली, टिंब. तिन्ही एका माळेत ओवल्यासारखी. फक्त या महिन्यात निळी रेघ एकीकडे राहिली होती, आणि फुली-टिंब हातात हात घालून अकरा घरं पुढे निघून गेली होती.

अठ्ठावीस दिवस वन्संचे, अठ्ठावीस दिवस तिचे.

तिने दोन्ही कॅलेंडरं गुंडाळून काखेत मारली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कॅलेंडरं समोर पसरून घेतली. "हे मला आधी का नाही दाखवलंत?"

"तुम्ही कानाच्या. हे तर..." फ्रेमवालीने टिंबांवरून बोट फिरवलं.

"कान काही शेजारच्या घरात राहतो का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळीच्या आधी शरीरातले हार्मोन्स खालीवर होतात. काहींच्या अंगात पाणी साठतं. आतल्या कानातही पाणीच असतं, आणि तुमचं दुखणं त्या पाण्याच्या दाबाचंच. काही बायकांना त्याच दिवसांत जास्त त्रास होतो. सगळ्यांना होतो असं नाही. नक्की कसं, हे अजून कुणी छातीठोक सांगत नाही. पण तुमच्या फुल्या बघता, मला तरी तसं वाटतं."

"आणि मोठा आवाज?"

"आवाज तुम्हाला खुपेल. त्रास होईल, चिडचिड होईल. पण महिन्याच्या महिन्याला घड्याळ लावून चक्कर आणायचं काम आवाज कशाला करेल? का, कोण ओरडतं?"

"नणंद."

"कावळा बसला आणि फांदी तुटली," डॉक्टरीणबाई हसल्या. फ्रेमवाली हसली नाही. "आता तुमचं वय सत्तेचाळीस. पाळी मागेपुढे होणार. तारखांवर विसंबू नका. मीठ कमी, झोप पुरेशी, काचेचं काम कुणी सोबत असतानाच. स्त्रीरोगवाल्यांनाही दाखवून या, मी चिठ्ठी देते."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ कॅलेंडर बघत राहिला.

"म्हणजे चोर सोडून आपण संन्याशाला सुळी दिलं," तो म्हणाला.

"आपण नाही. मी."

"मी करतो तिला फोन. सांगतो नीट."

"तुम्ही एकदा सांगितलंत तेवढं पुष्कळ झालं."

"मी फक्त निरोप पोचवला," तो म्हणाला. "पोस्टातला माणूस आहे मी. पाकिटात काय आहे ते बघायचं नसतं."

"बघायला हवं होतं."

फोन तिने स्वतः केला. मागे पंपांची घरघर, आणि त्यावर वन्संचा बारीक, चिमटीत धरलेला आवाज: "बोल वहिनी. ड्यूटीवर आहे. तब्येत बरी ना? बरं." फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात फ्रेमवालीचा पाय ठरेना. आमटीत मीठ टाकलं की नाही आठवेना, आणि कमी टाकायचं होतं हे आठवून पुन्हा घोर. वन्संची पुढची सुट्टी दहा दिवसांवर आली होती. त्या आल्या नाहीत, तर मग कधीच यायच्या नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. माणूस दोनदा आलं नाही की तिसऱ्यांदा त्याला रस्ता लांब वाटतो.

शेवटी ती बसमध्ये बसली. एकटी. नवरा यायला निघाला होता; तिने त्याला दुकानात बसवलं. खिडकीशी बसून तीन तास ती समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिली. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता. प्रत्येक वळणानंतर वाटायचं, पुढच्या. पिशवीत गोळ्या होत्या, प्लास्टिकची पिशवी होती, आणि दोन वर्षांची गुंडाळलेली कॅलेंडरं.

पंपघर म्हणजे एक लांबच लांब शेड. आत चार पंप, माणसापेक्षा उंच. फ्रेमवाली दारात पोचली आणि डावा कान कळवळला. आत वन्सं कानाला आवाज अडवणारे ठोकळे लावून, हातात वही घेऊन, एका हेल्परवर ओरडत होत्या: "अरे झोपलास का? दाब बघ, दाब! काटा कुठे चाललाय!" तिला पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं. मग खुणेने त्यांनी तिला मागच्या क्वार्टरकडे नेलं.

क्वार्टर एका खोलीचं. खाट, स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे. दार लावल्यावरही भिंती गुणगुणत होत्या.

"दादा बरा ना?" वन्संनी विचारलं. कुजबुजून.

"बरे आहेत. वन्सं, असं नका बोलू."

"सवय झाली," त्या त्याच आवाजात म्हणाल्या. "हेल्पर म्हणतो, बाई क्वार्टरमध्ये गेल्या की त्यांचा घसा बसतो."

फ्रेमवालीने कॅलेंडरं खाटेवर पसरली. फुल्या, टिंबं, निळ्या रेघा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं एका दमात सांगितलं. वन्संनी वाकून नीट बघितलं. रोज आकडे टिपणारी बाई. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मी सुटले," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाळीने मला जामीन दिला."

"वन्सं..."

"नाही, चांगलं आहे. कुणीतरी दिला." त्यांनी कॅलेंडरची गुंडाळी केली, पुन्हा उलगडली. "एक विचारू? ही पाळी वेळेवरच आली असती, आणि त्या सुट्टीत मीही आले असते, तर?"

उत्तर फ्रेमवालीला ठाऊक होतं. तीन तासांच्या प्रवासात तिने माफीची कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही या प्रश्नाला पुरेना.

"तर आज मी इथे आले नसते," ती म्हणाली.

"हं."

"तुमच्यामुळे होतंय, असं मानलं की बरं वाटायचं. कारण सापडल्यासारखं. तुम्ही गेलात की आता होणार नाही म्हणून चोवीस दिवस काम करता यायचं. नाहीतर रोजच भीती. आत्ताही आहे. बसमध्ये..." तिने खाटेची कड धरली. "मोरीत पडले त्या दिवशी तुम्ही गेलात, आणि मला हायसं वाटलं होतं. हे त्यांनाही माहीत नाही."

वन्सं खाटेवरून उठल्या. स्टोव्ह पेटवला, विझवला. खिडकीतले हातमोजे उलटे केले, पुन्हा सुलटे केले. बाहेर कुणीतरी घंटा बडवली तशा तडक निघून गेल्या. फ्रेमवाली एकटी बसून राहिली. जावं की थांबावं कळेना. पंधरा मिनिटांनी दार उघडलं.

"दोन नंबरचा व्हॉल्व्ह," वन्सं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी स्टँडवर रात्र होईपर्यंत बसले होते. घरी जायचं, म्हणजे कुठे, तेच सुचेना. हे दादालाही माहीत नाही. झाली फिट्टंफाट?"

"नाही झाली," फ्रेमवाली म्हणाली.

"नाहीच झाली. तुला काय वाटलं, कॅलेंडर दाखवलं की मी पिशवी भरणार? या सुट्टीत नाही येणार मी. आत्ताच सांगते."

"आणि पुढच्या?"

"त्या दिवशी तुला चक्कर आली तर?"

"येईल कदाचित. आता तारखेचा भरवसा नाही."

"मग मी काय करायचं? शेजारी जाऊन बसायचं?"

"बादली आणायची," फ्रेमवाली म्हणाली.

वन्संच्या घशातून काहीतरी बाहेर आलं. हसू असावं; त्यांनी ते अर्ध्यात दाबलं आणि चप्पल पायात सरकवली. "चल. चारची गाडी चुकेल. इथला ड्रायव्हर कुणाच्या वहिनीची वाट बघत नाही."

रस्ता कच्चा होता. पंपांचा आवाज मागे पडत गेला. वन्सं काहीतरी बोलत होत्या. फ्रेमवालीला निम्मं कळलं नाही. ती तीनदा "काय?" म्हणाली तशी वन्सं थांबल्या.

"कुठला कान गं तुझा? एवढं महाभारत झालं, पण मला कुणी हे सांगितलंच नाही."

"डावा."

वन्सं तिच्या मागून वळसा घालून उजवीकडे आल्या आणि आपल्या साहेबाच्या नावाने बोटं मोडायला लागल्या. पहिली दोन वाक्यं दबकत, तिसऱ्याला शेतातल्या बगळ्यांनी पंख उघडले. फ्रेमवाली ऐकत, अडखळत चालत होती. रस्ता सरळ होता की नाही ते तिला नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून तिने वन्संचा दंड धरला. वन्संनी तो सोडवून घेतला नाही, आणि बोलणंही थांबवलं नाही.