सुईत गेलेला दोरा

बाबांच्या सत्संगाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी सुई वर धरली आणि माझ्या ताईला पुढे बोलावलं. अकरा दिवसांपूर्वी इथेच, सगळ्यांसमोर, तिला या सुईत दोरा ओवता आला नव्हता. पोटापाण्याला शिवणकाम, आणि हात थरथरत होते. आज दोरा पहिल्याच फटक्यात गेला. माणसं उठून उभी राहिली. आई रडायला लागली.

"जिने नऊ महिने पोटात ठेवलं, तिची किडनी लेकीला परकी कशी असेल?" बाबा माइकवर गोड हसले. "आम्ही फक्त ओळख करून दिली. आता गोळ्या कशाला?"

आईची किडनी ताईला बसवून दोन वर्षं झाली होती. सकाळी आठ, रात्री आठ, गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. बाबांची अट उलटी: अकरा दिवस गोळ्या बंद, मगच चमत्कार.

"ओळख करून द्यायला ते काय स्थळं जुळवतात?" घरी मी म्हटलं.

"तू गप गं. दोन वर्षांनी हात माझे झालेत. आण ते झबलं."

माझ्या लेकीच्या झबल्याला तिने इतका बारीक टाका घातला, की तिचा आनंद मला मोडवेना. मी खरंच गप्प बसले.

तीन आठवड्यांनी तिची पावलं सुजली. "जुनं विष निघतंय," बाबा म्हणाले. लघवी कमी झाली तेव्हा आम्ही हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "हात थरथरत होते ते गोळ्यांमुळेच. गोळ्या थांबल्या, थरथर थांबली. नुसत्या गटारात टाकल्या असत्या, तरी दोरा गेला असता. मला सांगितलं असतंत, तर प्रमाण बदलून पाहिलं असतं."

"पण माझीच किडनी ना ती?" आईने विचारलं.

"लेकीत अर्धं वडिलांचं असतं, आई. तुमचं जे अर्धं तिच्यात उतरलं नाही, ते तिच्या शरीराला परकंच. परकं दिसलं की शरीर हल्ला करतं. गोळ्या त्याला आवरून धरत होत्या."

"पोटात होती तेव्हा माझ्या शरीराने नाही केला."

"तेव्हा मध्ये वार होती, ती सांभाळत होती. किडनीला तसं कुणी नाही."

इंजेक्शनं झाली. उपयोग झाला नाही, किडनी गेली.

"माझी दुसरी घ्या," आई म्हणाली.

"तुमच्याकडे एकच उरलीय. आणि आता तिच्या शरीराला तुमची खूण पाठ झालीय. दुसऱ्या कुणाची जुळणंही अवघड."

ताई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. परवा म्हणाली, "बघ, दोरा अजून एका फटक्यात जातो." बाबांचा हॉल अजून भरतो.

तुमच्या घरात कुणाला असा अवयव बसवला असेल, तर बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू देऊ नका. सोडा म्हणणाऱ्याला विचारा, रक्ताचा रिपोर्ट कुठाय? हात थरथरत असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि सुईत दोरा तुम्ही ओवून द्या. तेवढं मला करता आलं असतं.