सर्टिफिकेटावरचं कुंकू

"नाना, ह्याच्यावर कुंकू कोणी लावलं?"

धनश्री ओरडली तेव्हा तिचा बाप हिलाल मोरीत तोंड धूत होता. ओल्या तोंडानेच तो बाहेर आला. पोरीच्या हातात तीन सर्टिफिकेटं होती आणि प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यातल्या काळ्या ठिपक्यांच्या चौकटीवर कुंकवाचं एकेक बोट कागदात मुरलेलं होतं.

"मी लावं. दसराले," हिलाल म्हणाला. "मशीनले लावं, पान्हाले लावं, कातरले लावं. मंग तुना कागदले काब्र नही? तुनं हत्यारच शे ना ते?"

"पण बरोबर कोडवरच? मोबाइल धरून ते वाचतात. सर्टिफिकेट खरं की खोटं ते त्यातूनच कळतं."

"बाकी समदं लिखेल व्हतं. तुना नाववर बोट कसं ठेवू मी?"

हिलालने कागद उन्हात धरून चौकट नीट पाहिली. एवढ्याशा नक्षीत खरंखोटं बसतं, याचं त्याला खरंच नवल वाटलं. "आन कागद सोता नही सांगस?" त्याने विचारलं.

धनश्रीची आई प्रमिलाबाई भिंतीला टेकून साडीवर खडे चिकटवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हाई नौकरी नही लागनी ते सोमवारपासून मनासंगे बस. दोन गठ्ठा सांगी दिन्हा मी ठेकेदारले."

चौदा महिन्यांत बेचाळीस अर्ज झाले होते. बोलावणं आलं होतं ते हे एकच.

सुरतेत, उधन्यातल्या कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या क्लासवाल्याने बॅनरवर लिहिलं होतं, शंभर टक्के नोकरी. बॅनरवर कोट घातलेल्या पोरांचे फोटो होते. ती पोरं कुठे लागली, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं ज्यांनी ते सगळे हिलालसारखे, बारा बारा तास मागाच्या खडखडाटात उभं राहून आलेले. कोट दिसला की त्यांना पुढचं खरं वाटतं. असल्या लोकांना फसवायला अक्कल लागत नाही, इस्त्रीचा कोट लागतो.

हिलालने खाडा केला आणि पोरीबरोबर मुलाखतीला निघाला. "तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "देखाले," तो म्हणाला. त्याला खरंच बघायचं होतं. सव्वीस वर्षं तो लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, होता, त्यातली अकरा मास्तर म्हणून. नवा कारीगर आला की शेठ त्याच्याकडे पाठवायचा. हिलाल चालू माग थांबवायचा, नव्या माणसाकडे पाठ करून एक धागा तोडायचा आणि बाजूला व्हायचा. "जोड." एवढीच परीक्षा. कोणाचा कागद त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. मग या लोकांना कागद बघून माणूस कसा कळतो, हे कोडं त्याला वर्षभर सोडत नव्हतं.

वेसूतल्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर ऑफिस होतं. मानसी नावाच्या मुलीने कागद घेतले, मोबाइल धरला, पुन्हा धरला.

"आ शुं छे? स्कॅन थतुं नथी."

"कुंकू आहे," धनश्री पुटपुटली. "नानांनी पूजा केली होती."

मानसी हसलीच. "मराठी का तुम्ही? आम्ही पण. पप्पा बँकेत होते, म्हणून इकडे आलो." तिने कॉम्प्युटरवर धनश्रीचं नाव घातलं, तिन्ही सर्टिफिकेटं पडद्यावर आली. कुंकवाने काही बिघडलं नव्हतं. कागदच कोणाला नको होता.

धनश्रीला आत नेलं. हिलाल उभाच राहिला.

"बसा ना काका."

"ताई, एक विचारू? रागवू नका. हा कागद कामाला येतो का?"

मानसीने इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू? एका जागेला पाचशे अर्ज येतात. ज्याच्याकडे हे नाही, त्याचा अर्ज आम्ही उघडत पण नाही. एवढाच उपयोग."

"आन नौकरी?"

"ती यावर नाही देत. आत दोन कॉम्प्युटर ठेवलेत, एकमेकांशी बोलत नाहीयेत. आमच्या सरांनी मुद्दाम बिघडवलेत. का बोलत नाहीत ते वीस मिनिटांत शोधायचं."

हिलालचा चेहरा उजळला. "म्हंजे धागा तोडता तुम्ही!"

"काय?"

"काही नाही, ताई. आमच्यात बी असंच शे." वर्षभराचं कोडं सुटलं होतं. माणसाला माणूस कळायचा तो इथेही त्याच रीतीने कळत होता. त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मग तो मधल्या काचेतून पोरीकडे बघू लागला आणि ते वाटणं विरत गेलं.

धनश्री पडद्यासमोर ताठ बसली होती. बोटं भराभर चालत होती. तिला पुष्कळ येत होतं, हे हिलाललाही दिसत होतं. पण तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. नवशिका कारीगर असाच कापडाकडे बघत राहतो आणि धागा तुटलेला असतो मागे. कॉम्प्युटरच्या मागे वायरींचा झुपका लोंबत होता. तिकडे तिचा हात एकदाही गेला नाही. "मांगे देख, बाई," हिलाल काचेशी पुटपुटला. काच जाड होती.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि वेळ संपल्याचा हात केला. धनश्री उठली, खुर्ची सरकवताना तिची नजर मागे गेली. ती वाकली. एक पिन सैल होती, लागल्यासारखी दिसणारी. तिने ती दाबली. पडद्यावर काहीतरी हिरवं लागलं. सरांनी मान डोलावली, छान म्हणाले, आणि दाराकडे बोट करून पुढच्याला बोलावलं.

बसथांब्यावर तिने सर्टिफिकेटं पिशवीत घातली. मग म्हणाली, "मागे बघायचं सुचलंच नाही, नाना."

"क्लासमां वायर जोडाले नही शिकाडं?"

"बेचाळीस जण आणि चार कॉम्प्युटर. वायरी कपाटात, कपाटाला कुलूप. हात लावू नका, मोडेल, म्हणायचे सर. परीक्षेचे प्रश्न मोबाइलवर यायचे. सातशे प्रश्न, पाठ करायचे. मी सगळे केले."

हिलालच्या तोंडात शिवी आली. पोरीसमोर त्याने ती गिळली. मागाला हात न लावता कारीगर करायचे आणि त्याचा कागद द्यायचा! खात्यात असं कोणी केलं असतं तर त्याला लोकांनी मागाला बांधलं असतं. इथे त्याला सर म्हणतात.

"तुमच्याकडे ज्याला धागा जोडता येत नाही, त्याला घालवून देता?" तिने विचारलं.

"पह्यला दिन कोनालेच जमत नही. मी गाठ नही देखस. मी देखस, तो तुटेल टोक कोठे गयं ते शोधस का. शोधस, त्याले मी आठ दिन ठेवस." त्याने बोट तिच्याकडे केलं. "तू शोधं. येळ सरी गयी तरी शोधं."

"पण आठ दिवस कोण ठेवतं, नाना?"

बस आली.

सोमवारी धनश्री आईशेजारी बसली. पहिल्या साडीवर खडे तिरके गेले, तिसरीवर सरळ आले. प्रमिलाबाईने गोंदाची बाटली दोघींच्या मध्ये ठेवली.

शनिवारी हिलाल शेठच्या केबिनबाहेर उभा राहिला. कोपऱ्यात इंटरनेटचा जुना डबा आणि वायरींचा गुंता भंगारवाल्याची वाट बघत पडला होता.

"लई जाऊं, शेठ?"

"लई जा ने, हिलालभाई. शुं करशो एनुं?"

"छोकरी माटे. तोडवा माटे."

पोरीसाठी, आणि तेही तोडायला, हे ऐकून शेठ हसला. हिलाल हसला नाही.

रविवारी खातं बंद होतं. दुपारी हिलालने साड्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि फरशीवर वर्तमानपत्र अंथरून डबा मांडला. धनश्रीने एकेक वायर पुसून खोचली. तासाभराने तिचा जुना लॅपटॉप आणि आईचा मोबाइल त्या डब्यातून एकमेकांशी बोलायला लागले. हिलालने कुंकवाची डबी आणली, बोट बुडवलं आणि ते हवेतच धरलं.

"कोठे लावू?"

तिने डबा फिरवून सपाट, कोरा माथा त्याच्यासमोर केला. "इथे. भोकात नको."

त्याने बोट टेकवलं, धोतराला पुसलं. मग तो म्हणाला, "तिकडे त्वांड कर."

धनश्री भिंतीकडे तोंड करून बसली. प्रमिलाबाईचा हात साडीवर थांबला होता. हिलाल वायरींवर वाकला. कोणती कशाची, त्याला काहीच कळत नव्हतं. डोळे मिटून त्याने एकीची पिन सैल केली, लागल्यासारखी दिसेल इतकीच, आणि बाजूला झाला.

"जोड."