डाळिंबाचा चोख रस

बाबांनी सीलही न फोडलेली बाटली मुलीच्या कामाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही तुझ्या यंत्रात घालून बघ."

ती फळांच्या रसांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. आईला जाऊन महिना होत आला होता. आईच्या आजारपणात बाबा तिला रोज हाच डाळिंबाचा रस पाजायचे. आता त्यांच्या मनाने घेतलं होतं की दुकानदाराने नुसतं रंगाचं पाणी गळ्यात मारलं. घरी दुसरा विषयच नव्हता.

तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही अंगात काहीतरी लागतं.

रस गाळून तिने इवल्याशा कुपीत भरला. यंत्र तो बारीक नळीतून ढकलतं, त्यातले घटक सुटे होऊन आपापल्या वेळेला बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाचा सुळका उमटतो. ओळखीच्या नमुन्याशी ताडलं की कोणता कोण ते कळतं. बाबा स्टुलावर निकाल ऐकायला बसल्यासारखे बसले होते. कुणीतरी त्यांच्यासाठी ठेवलेल्या चहावर साय धरली.

एकेक सुळका वर आला. रंग देणारे घटक होते, एलॅजिक आम्ल होतं, तब्येतीला चांगली म्हणून ज्यांचं नाव घेतात ती सगळी मंडळी हजर. इतका चोख रस क्वचितच यायचा. एरवी ती खूश झाली असती. आता काहीच वाटलं नाही. खोटं सांगावं, असं मात्र क्षणभर मनात आलं. बाबांना भांडायला कुणीतरी मिळालं असतं. पण त्या दुकानदाराने काय घोडं मारलं होतं?

"रस खरा आहे, बाबा. सगळं आहे त्यात."

ते पडद्याकडे बघत राहिले. "मग मी कुठे कमी पडलो?"

"नाही पडलात. तिचा आजार रसाने हटणारा नव्हता."

"तुला माहीत होतं?"

"हो. आईलाही."

"मग ती पीत का होती?"

"तुम्ही देत होता म्हणून."

बाबांनी मान हलवली. सायीसकट चहा पिऊन टाकला आणि उठले.

ती त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. ऊन कडक होतं. बाबा फुटपाथच्या कडेकडेने चालत होते, आतल्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून. ती त्या जागेत गेली नाही. मागून चालत राहिली.