पहिल्या सालचं मॉडेल

इंदूबाईंच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिल्या सालचं मॉडेल घ्यायचं नाही. ट्रक असो, पंखा असो, नाहीतर सोयरीक असो. कंपनीनं कितीही रंगरंगोटी करून आणू द्या. आधी दुसऱ्यांच्या गाड्या रस्त्यात बिघडू द्यायच्या, मिस्त्र्यांना त्यांची पोटं उघडून पाहू द्यायची, मग आपण शोरूमची पायरी चढायची.

नियम फुकटात आला नव्हता. यजमान आनंदराव असताना त्यांनी झगमगाटाला भुलून अगदी नव्या मॉडेलचा ट्रक आणला होता आणि तो उमरेडच्या रस्त्यावर कोळशासकट महिनाभर उभा राहिला. मिस्त्री यायचे, बॉनेट उघडायचे, डोकं खाजवायचे आणि चहा पिऊन चालते व्हायचे. आनंदराव गेले, ट्रक भंगारात गेला, नियम तेवढा राहिला. त्याच्या जोरावर चौथीत शाळा सुटलेल्या बाईनं एका गाडीपासून गाड्यांची रांग उभी केली, उमरेड आणि कन्हानला यार्ड घेतलं, मनीषनगरला घर बांधलं आणि त्याच्या खालच्या मजल्यावर ऑफिस थाटलं.

त्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर चाले. कुठली गाडी कुठं आहे, काट्यावर वजन किती भरलं, कोणाचा ड्रायव्हर दांडी मारून बसला, सगळं त्यात दिसे. ते इंदूबाईंच्या प्रीतीनं कॉलेज संपल्यावर घरी बसून लिहिलं होतं. आईनं धंदा सांगायचा, पोरीनं तो कॉम्प्युटरात उतरवायचा. मायलेकींच्या त्या दुपारी इंदूबाईंना आनंदरावांनी दिलेल्या सोन्यापेक्षा जास्त मोलाच्या वाटत. उमरेडच्या गाडीची ती गोष्टही तेव्हाच सांगून झाली होती, एकट्या प्रीतीला. नवऱ्याची फजिती काही चारचौघांत सांगायची नसते.

आता त्या सॉफ्टवेअरचं वय झालं होतं. ते ज्या फ्रेमवर्कवर उभं होतं त्याच्या कंपनीनंच त्याच्यावर पाणी सोडलं होतं. ते अडलं की ओळखीतला कुणीही हात लावायला तयार नसे. हात लावायची ती प्रीतीच. स्वतःच्या साखरपुड्यातही ती शालू नेसून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, कारण उमरेडच्या फाटकात गाड्या अडल्या होत्या. लग्नानंतर जावयाची बदली हैदराबादला झाली, प्रीती मात्र आईकडेच राहिली. जावई महिन्यातून एकदा यायचा, मुकाट्यानं जेवायचा, जायचा. त्यानं इकडंच बदली मागून घ्यावी, असं इंदूबाईंनी त्याला दोनदा सुचवून पाहिलं. त्यानं दोन्ही वेळा भाजीची तारीफ केली. शेजारणींत मात्र त्या मान ताठ करून सांगत, माह्या पोरीशिवाय कंपनीचं पान हलत नाही.

नव्या फ्रेमवर्कचं टुमणं धाकट्या मुलानं, नागसेननं लावलं. इंदूबाईंनी ते बरेच दिवस एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडलं. शेवटी एकदा जेवताना प्रीतीच म्हणाली, पाहायले काय जाते आई, पाहणं म्हणजे घेणं थोडीच हाय. पोरगी आपल्याच बाजूची, या भरवशावर इंदूबाई हो म्हणाल्या.

रविवारी ते नवं फ्रेमवर्क दाखवायला आयुष नावाचा एक तिशीचा माणूस आला. कोऱ्या शर्टाचा, गोड बोलण्याचा. इंदूबाईंनी त्याला नवी गाडी पारखावी तसा पारखायला घेतला. हे फ्रेमवर्क म्हणजे असते तरी काय, इथूनच सुरुवात केली. तो म्हणाला, काकू, चेसिस समजा. चेसिस तयार भेटते, बॉडी आपण आपल्या मालाप्रमाणं बांधायची. इंदूबाईंना उत्तर आवडलं आणि आवडलं म्हणूनच खटकलं. कॉम्प्युटरवाल्याच्या तोंडी चेसिस कुठून आली?

त्यांनी विचारलं, बाजारात येऊन किती दिवस झाले. तो म्हणाला, नवं आहे पण अगदी कोरं नाही, मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या गाड्या आधीच पळवून पाहिल्या. बिघडलं तर? मिस्त्री गल्लोगल्ली आहेत काकू, कॉलेजातून निघणारं प्रत्येक पोरगं हेच शिकून निघते. कन्हानला नेट गेलं तर? वजन काट्यावरच साठून राहील, नेट आलं की आपोआप चढेल. प्रश्न तोंडातून पुरता निघायच्या आत उत्तर हजर. आणि मग, जणू खिशातला शेवटचा लाडू काढावा तसा तो हसून म्हणाला, "पहिल्या सालचं मॉडेल नाही हे, काकू. उमरेडच्या रस्त्यावर महिनाभर उभं राहणार नाही."

इंदूबाईंनी आधी नागसेनकडं पाहिलं. तो गोंधळून आयुषकडं पाहत होता, त्याला गोष्टच ठाऊक नव्हती. मग त्यांनी प्रीतीकडं पाहिलं. ती मान खाली घालून संत्र्याच्या फोडीवरचा धागा न् धागा काढत होती.

"याले उमरेडची गाडी कोनं सांगतली?"

"मीच सांगतली," प्रीती म्हणाली.

"काहून वं? तुह्या बापाची गोष्ट होती ते."

"माह्या तोंडून तू ऐकलं नसतं आई. तुह्याच नियमानं सांगतलं तं ऐकशील."

इंदूबाईंनी आवाज जागचा हलू दिला नाही. बरं, त्या म्हणाल्या, एकदम काही नको. आधी कन्हानला चालवून पाहू, मग बोलू.  तेव्हा नागसेननं सांगितलं की कन्हानला ते दिवाळीपासून चालूनच राहिलं आहे.

म्हणजे कन्हानचे मुनीम रुपरावही त्यांच्यात. हा माणूस यार्डात कुत्रं व्यालं तरी फोन करून सांगायचा, आणि एवढ्या गोष्टीवर मूग गिळून बसला. पोरगी दाखवायच्या आधीच साखरपुडा उरकावा, तसं झालं होतं. इंदूबाईंना नुसतं पोहे खायला बसवलं होतं.

"माह्यावाल्यात काय खोट निघाली, तेवढं सांग," त्या प्रीतीला म्हणाल्या. सॉफ्टवेअरला त्या आजवर प्रीतीचं म्हणत आल्या होत्या. आज तोंडून माह्यावालं निघालं.

प्रीतीनं संत्रं खाली ठेवलं. "तूच म्हणते ना, ज्या गाडीले एकच मिस्त्री, ते गाडी दारात उभी करू नये. याले एकच मिस्त्री हाय, आई. मी."

"मंग? मिस्त्री घरातच तं हाय."

"तेच तं."

आयुष उठून पाणी प्यायला गेला. तेवढी अक्कल त्याला होती.

"हैदराबादले कधी जाऊन राहिली?" इंदूबाईंनी विचारलं. एक तारखेला, प्रीती म्हणाली. तिकीटही काढून झालं होतं. म्हणजे आई हरणार, हे तिनं आधीच धरलं होतं. परक्यानं फसवलं असतं तर इंदूबाईंनी त्याची सात पिढ्यांची उणीदुणी काढली असती. इथं आपलंच माप आपल्यावर घातलेलं, आणि माप तर खरं. नियम मोडून नाही म्हणावं, एवढ्या हलक्या त्या नव्हत्या.

"घ्या ते नवं," त्या म्हणाल्या. "पण जुनं बंद तू कर. माह्यासमोर."

त्यांना वाटलं होतं, पोरीचा हात थोडा तरी अडखळेल. प्रीती ऑफिसात गेली, खुर्ची ओढली आणि चुलीवरचं दूध उतरवावं तितक्या सहज तिनं ते बंद केलं. पाठ वळवून बसली होती, चेहरा दिसला नाही. इंदूबाईंनीही पुढं जाऊन पाहिला नाही.

एक तारखेला स्टेशनवर सगळे गेले. इंदूबाई तेवढ्या गुडघे दुखतात म्हणून घरी राहिल्या.

त्यानंतर रोज सकाळी त्या ऑफिसात बसून नव्या स्क्रीनमध्ये खोड शोधू लागल्या. एखादी गाडी चुकावी, एखादं वजन गळावं. काही चुकलं नाही, काही गळलं नाही. दोनदा किरकोळ अडलं, तर कुणी एक पोरगी आली, बॅग खांद्यावरून न काढताच दुरुस्त करून गेली. तिचं नावही त्यांनी विचारलं नाही. गल्लोगल्लीच्या मिस्त्र्यांची नावं काय विचारायची?

अशाच एका दुपारी फोन वाजला. स्क्रीनवर प्रीतीचं नाव होतं आणि तेवढं वाचण्यापुरती चौथी पुरेशी होती. त्यांनी फोन पुरता वाजू दिला, अगदी शेवटी उचलला.

"आई, नवं कसं चालून राहिलं?"

"चांगलं चालून राहिलं," इंदूबाई म्हणाल्या. "आपण कोन?"