माळ्याला टाकलेली तुळई

मी तुळई बोलतेय. जातीची सागवानी. लालबागच्या एका लाकडी चाळीत माझा जन्म गेला. माझ्यावर बिऱ्हाडं नांदली, मिरच्या कुटल्या गेल्या, बारशी झाली. मी कधी हूं की चूं केलं नाही. पुढे वरच्या मोरीचं पाणी माझ्या अंगात मुरायला लागलं आणि त्या ओलीमागून वाळवी आली. चाळकऱ्यांनी काय करावं? दर गणपतीला माझ्यावर ऑइलपेंटचा हात मारला. बाहेरून मी चकचकीत होत गेले आणि आतून पोकळ.

चाळ पाडली तेव्हा वाटलं, आता आपलं सरपण होणार. पण गिरगावात अप्पांच्या घराची दुरुस्ती निघाली होती. त्यांच्या वाडीचा नियम असा की, रस्त्याकडच्या लाकडी गॅलऱ्या होत्या तशाच बांधायच्या, त्याही जुन्या लाकडात. या नियमानेच मला वाचवलं. लाकूड आतून कसं आहे, हे मात्र त्यात कुणी विचारलेलं नाही.

वखारीत कुशाबा सुतारांनी आम्हा सगळ्यांना बोटांनी ठोकून पाहिलं. माझ्यापाशी ते थबकले. मग काम बघणाऱ्या विनीतला त्यांनी फोन लावला.

"साहेब, बाकीच्या चांगल्या आहेत. ही हिरव्या रंगाची तेवढी माळ्याला टाका."

"हिरवी माळ्याला. ओके, डन."

कुशाबांच्या मनात होता पोटमाळा, जिथे गाद्या आणि जुनी पातेली पडून असतात. विनीतच्या मनात होता दुसरा माळा, म्हणजे मजला. मुंबईत दोन्हींना माळाच म्हणतात. कुशाबा परळच्या कामावर निघून गेले. विनीतच्या माणसांनी माझा रंग खरवडला, वरून पॉलिश मारलं आणि मला दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीखाली बसवलं.

अप्पांची सून मृणालिनी खुश झाली. "बघा ना अप्पा, आताच्या लाकडाला अशी चमक येते का?"

"आपल्या मनूची नातवंडं खेळतील हिच्यावर," अप्पा म्हणाले.

मला भीती वाटली. तेव्हापासून रोज वाटते. अप्पांची नात मनू शाळेतून आली की गॅलरीत दोरीवरच्या उड्या मारते, आणि प्रत्येक उडीला माझ्यातून भुसा गळतो. मृणालिनी तो झाडून टाकते. म्हणते, नवीन काम आहे, थोडे दिवस पडणारच.

आज पाडवा. खाली शोभायात्रा येतेय, ताशा वाजतोय. मनू कठड्याला लोंबकळून बघतेय. अप्पांना खुर्ची दिली आहे. मृणालिनी शेजारच्या बाईंना हाका मारतेय.

"अक्षता, अगं ये ना पुढे. मुलांनाही आण. खूप जागा आहे."

सगळे येताहेत. आत्ताच माझ्या पोटात कट्ट झालं. ताशात कुणाला ऐकूच गेलं नाही.

तुम्ही खाली रस्त्यावर असाल, तर घोड्यावरच्या मुलींचे फोटो नंतर काढा. आधी वर बघा आणि जोरात ओरडा, त्यांना आत जायला सांगा. मनूला आधी.